वसंतात बोन्साय: कात्री कधी लावायची, कधी थांबायचं

बोन्सायच्या वर्षभरातल्या कामांपैकी बरीचशी कामं वसंताच्या पाच-सहा आठवड्यांत एकदम अंगावर येतात. कुंडी बदलायची असते, मुळं कापायची असतात, वाढलेल्या फांद्या आवरायच्या असतात, फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेल्या जुन्या तारा रुतायला लागलेल्या असतात, कोवळ्या शेंड्यांवर मावा आलेला असतो. सगळं एका दमात उरकून टाकावंसं वाटतं आणि झाडं नेमकी त्यातच खचतात.

कारण झाडाच्या जमाखर्चात आहे. पानझडी झाड वसंतातली पहिली पालवी काढतं ती गेल्या हंगामात साठवलेल्या अन्नावर. हा साठा मुळांत, खोडात आणि जाड फांद्यांत असतो. डोळा (काडीवरचा मिटलेला कोंब) फुटल्यापासून पान पूर्ण उघडून, रंग गडद होऊन, बोटांना जरा कडक लागेपर्यंत झाड मुख्यतः खर्चच करत असतं. पान पक्कं झालं की कमाई सुरू होते. म्हणून वसंतात कुठलंही काम हातात घेण्यापूर्वी झाड या प्रवासात कुठे आहे ते बघायचं. खर्च सुरू होण्याआधीचा काप झाड सोसतं, कमाई सुरू झाल्यानंतरचाही सोसतं. मधल्या काळातला काप त्याला अशक्त करतो. काही झाडांत हे अशक्त करणं मुद्दाम हवं असतं, ते पुढे मेपलच्या वेळी येईलच.

तारीख बघू नका, डोळा बघा

हिवाळ्यातला डोळा घट्ट मिटलेला, टोकदार आणि मळकट रंगाचा असतो. वसंत जवळ आला की तो फुगतो, वरचे खवले एकमेकांपासून सरकतात आणि मधे फिकट रंगाच्या रेघा दिसायला लागतात. मेपल, एल्म, हॉर्नबीम, झेलकोवा या पानझडी झाडांची मुळं कापायची सर्वांत चांगली वेळ ती हीच. टोकाला हिरवा ठिपका दिसला तरी चालतं. पान उलगडलं की त्या वर्षापुरती ती संधी गेली. पान बाष्प सोडायला लागलेलं असतं आणि आपण पाणी ओढणारी मुळं कापतो, मग पानं कोमेजतात आणि साठा वाया जातो.

एकाच जातीची दोन झाडं शेजारी ठेवलेली असली तरी त्यांचे डोळे आठ-दहा दिवसांच्या फरकाने फुगू शकतात. तेव्हा प्रत्येक झाड स्वतंत्रपणे बघावं लागतं.

फायकस, जेड, बोगनवेल अशा उष्ण हवेतल्या झाडांना हा नियम लावायचा नाही. त्यांच्यासाठी तापमान बघायचं: रात्रीचं तापमान सलग १५ अंश सेल्सियसच्या वर राहायला लागलं आणि शेंड्यांवर ताजी वाढ दिसली की काम सुरू. त्याआधी कापलेली मुळं कुंडीतल्या थंड, ओल्या मिश्रणात नुसती पडून राहतात आणि कुजतात.

फुलांच्या झाडांचं गणित वेगळं. चेरी, प्लम, उमे (जपानी जर्दाळू) यांच्या फुलांच्या कळ्या मागच्या वर्षीच्या काडीवर आधीच तयार असतात. वसंताच्या सुरुवातीला छाटलं तर फुलंच छाटली जातात. फुलं ओसरू द्यावीत, मग लगेच छाटणी. अझेलियाचंही तसंच, कारण तिच्या पुढच्या वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यात बसतात. फुलांनंतरची छाटणी लांबली की पुढचा बहर बुडतो.

आधी नुसती पाहणी

कात्री बाजूला ठेवून झाड डोळ्यांच्या पातळीवर आणा. खोड बुंध्याशी धरून हलकेच हलवून बघा. डोलत असेल तर मुळं नीट बसलेली नाहीत किंवा आत कुजत आहेत. पाणी घाला: ते लगेच आत मुरायला हवं. वर तळं साचून हळूहळू उतरत असेल, किंवा कुंडीच्या कडेने निसटून खालून वाहत असेल आणि मधला भाग कोरडाच राहत असेल, तर मुळं दाटली आहेत. मुळांच्या दाबाने झाड कुंडीच्या काठाच्या वर उचललं गेलं असेल तर आणखी पुराव्याची गरज नाही.

मेलेल्या डहाळ्या काढून टाका. नखाने साल किंचित खरवडली की जिवंत डहाळीत ओलसर हिरवा थर दिसतो, मेलेलीत तपकिरी आणि कोरडा. शंका असेल तर डहाळी राहू द्या. सावलीत दबलेल्या आतल्या डहाळ्या बाकीच्या झाडापेक्षा उशिरा फुटतात, आणि झाडाच्या आतल्या भागात हिरवं राहण्यासाठी त्याच सर्वांत मोलाच्या असतात.

खोडावर चढलेलं शेवाळ जुन्या मऊ टूथब्रशने आणि पाण्याने घासून काढा. मातीवर शेवाळ शोभतं. सालीवर मात्र ते ओल धरून ठेवतं आणि साल सडवतं. पाइनच्या आणि जुन्या एल्मच्या भेगाळलेल्या सालीला ब्रश लावू नका. ती साल तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि निघाली की पुन्हा तशी येत नाही.

कुंडी बदलणं आणि मुळांची छाटणी

दरवर्षी सगळ्या झाडांची कुंडी बदलायची नसते. जोमाने वाढणारी तरुण पानझडी झाडं एक ते दोन वर्षांनी, पक्की झालेली दोन-तीन वर्षांनी, पाइन आणि जुनिपर तीन ते पाच वर्षांनी हा ढोबळ अंदाज. अंतिम निर्णय पाण्याच्या निचऱ्यावरून घ्यायचा.

झाड बाहेर काढण्याआधी नवी कुंडी पूर्ण तयार हवी. भोकांवर जाळी, जाळी हलू नये म्हणून तारेची पकड, आणि झाड बांधण्यासाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार भोकांतून वर काढलेली. मिश्रण चाळून ठेवलेलं. मुळं उघडी पडल्यावर ही तयारी करत बसलं तर दहा मिनिटांच्या वाऱ्यातही तंतुमुळं सुकतात. जवळ पाण्याची फवारणी ठेवा आणि काम थांबलं की मुळांवर ओलं फडकं टाका.

आदल्या दिवशी पाणी थोडं कमी द्या. किंचित सुकलेला मुळांचा गोळा मोकळा करायला सोपा जातो, चिखल झालेला गोळा मुळं तोडत सुटतो. कडेने धारदार पाती फिरवून गोळा सुटा करा आणि मूळ-आकड्याने बुंध्याकडून बाहेरच्या दिशेने विंचरा. आडवं किंवा गोल फिरवून ओढायचं नाही. कडेचा आणि तळाचा भाग मोकळा झाला की मुळं लोंबायला लागतात. आता बघा: सरळ खाली जाणारी जाड मुळं, कुंडीभोवती गोल फिरलेली, एकमेकांना आवळणारी, आणि बारीक तंतुमुळं. पाणी आणि अन्न ओढायचं काम तंतुमुळं करतात. जाड मूळ झाडाला धरून ठेवतं, पण उथळ कुंडीत ते काम तारेने होतं. म्हणून कापायचं ते जाड, खाली जाणारं मूळ आणि राखायचं ते बारीक. बुंध्याभोवती चहूबाजूंनी पसरणारी वरची मुळं, ज्यांना बोन्सायवाले नेबारी म्हणतात, ती सोडून खालचा भाग सपाट करा.

निरोगी पानझडी झाडाची एक तृतीयांश मुळं एका वेळी निघाली तरी चालतं. पाइन आणि जुनिपरची चौथाईपेक्षा जास्त नकोत, आणि त्यांची सगळी माती कधीच एकदम धुऊन काढू नका. अर्धी बाजू या वेळी, उरलेली पुढच्या वेळी. पाइनच्या मुळांत पांढरं, कापसासारखं बुरशीचं जाळं दिसलं तर घाबरायचं नाही. ती बुरशी मुळांना पाणी आणि खनिजं मिळवून देते, तिच्यासकट जुनी माती थोडी राखून नव्या मिश्रणात ठेवा. कुजलेली मुळं काळी, मऊ असतात, दाबली की वरचं आवरण निसटून आतला धागा उरतो. ती जिथवर आहेत तिथवर सगळी काढायची.

मिश्रणाबद्दल थोडं थांबून. अकादामा (जपानी चिकणमातीचे कडक खडे), प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि लाव्हा खडे हे रूढ त्रिकूट. पानझडीसाठी २:१:१ आणि पाइन-जुनिपरसाठी समान भाग. अकादामा नसेल तर चांगल्या भाजलेल्या मातीचे चाळलेले खडे घ्या. घटकांपेक्षा खड्यांचा आकार जास्त महत्त्वाचा आहे. मध्यम झाडासाठी ३ ते ६ मिलिमीटर, तळहातावर मावणाऱ्या झाडासाठी दीड ते ३ मिलिमीटर, आणि त्याखालची धूळ पूर्ण चाळून फेकून द्यायची. पाणी दिल्यावर कुठल्याही कुंडीच्या तळाशी एक थर पाण्याने भरलेला राहतो. त्या थराची उंची खड्याच्या आकारावर ठरते (खडा जितका बारीक तितका थर उंच), कुंडीच्या खोलीवर नाही. त्यामुळे खोल कुंडीत तो थर तळाशी पडून राहतो आणि उथळ बोन्साय कुंडीत तोच थर मुळांच्या निम्म्या उंचीपर्यंत येतो. बागेतली माती बोन्सायच्या कुंडीत का चालत नाही त्याचं उत्तर इथे आहे. तळाला मोठ्या खड्यांचा थर देऊनही हे टळत नाही, ओला थर फक्त तेवढा वर सरकतो. एकाच आकाराचे चाळलेले खडे वरपासून खालपर्यंत भरणं बरं.

तळाला मिश्रणाचा छोटा उंचवटा करून झाड त्यावर दाबत, डावीउजवीकडे हलकेच फिरवत बसवा, म्हणजे बुंध्याखाली पोकळी राहत नाही. मग तारेने घट्ट बांधा. ही पायरी लोक सोडतात आणि फसतात. न बांधलेलं झाड वाऱ्याने जरा जरी डोललं तरी नुकतं फुटलेलं मूळ तुटतं, पुन्हा फुटतं, पुन्हा तुटतं, आणि दोन महिन्यांनी झाड का सुधारत नाही हे कळत नाही. कुंडी उचलून हलवल्यावर झाड आणि कुंडी एकत्र हलायला हवी.

मिश्रण भरल्यावर बांबूच्या काडीने खडे मुळांमध्ये सरकवा. काडी खुपसून छोटे हेलकावे द्यायचे. जोरात कोंबलं तर मुळं मोडतात आणि खड्यांचा चुरा होतो. खडे खाली जायचे थांबले की झालं. शेवटी बारीक झारीने पाणी, खालून गढूळपणा जाऊन स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर दोन-तीन आठवडे वाऱ्यापासून आडोशाला, थेट दुपारच्या उन्हाबाहेर. खत किमान चार आठवडे नाही. रात्री तापमान शून्याखाली जाणार असेल तर झाड आत घ्या, नुकती कापलेली मुळं आणि उमलते डोळे दोन्ही गोठण्याला फार नाजूक असतात.

जाड फांदी काढताना

मुळं एक तृतीयांश कापली असतील तर त्याच वेळी मोठी फांदी कापायची नाही. वरून हलकी आवराआवर पुरे. मोठी फांदी काढायची असेल तर कुंडी पुढच्या वर्षी. तार घालून वाकवणं हेही तिसरं ओझंच आहे, एका हंगामात तीनपैकी एकच मोठं काम.

कुठली फांदी काढायची हे ठरवताना आधी मेलेली, मग सरळ वर किंवा सरळ खाली जाणारी, खोडाच्या वळणाच्या आतल्या बाजूला फुटलेली, दुसरीला आडवी छेदणारी, आणि समोरून थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येणारी. एकाच उंचीवर समोरासमोर दोन फांद्या असतील तर एक जाते. एकाच ठिकाणाहून तीन-चार फांद्या फुटल्या असतील तर विलंब करू नका. तिथे खोड फुगतं, वरचा भाग खालच्यापेक्षा जाड दिसायला लागतो आणि तो दोष पुढे दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य असतं.

प्रत्यक्ष काप असा घ्यायचा. करवतीने आधी फांदी बुंध्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर तोडा, खालून थोडा छेद देऊन मग वरून, म्हणजे फांदीच्या वजनाने साल खालपर्यंत फाटत जात नाही. राहिलेला खुंट कॉनकेव्ह कटरने (आत वळलेल्या पात्यांची कात्री) दोन-तीन घासांत काढा. एका घासात घ्यायला गेलं तर लाकूड चिरतं आणि हत्याराची धारही जाते. मग नॉब कटरने (गोलाकार पात्यांची कात्री) जखमेचा मधला भाग किंचित खोलगट करा; बोटाएवढ्या जाड फांदीला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. झाड जखम कडेकडून भरत आणतं आणि भरताना ती कड फुगते. जखम सपाट ठेवली तर भरल्यावर तिथे टेंगूळ दिसतं, खोलगट ठेवली तर खोडाशी समतल येते. शेवटी धारदार चाकूने कडेची साल गुळगुळीत करा. सालीखालची पातळ हिरवी रेघ सलग दिसली पाहिजे, कारण नवी वाढ तिथूनच होणार आहे. जखमेचा आकार उभा, अंडाकृती असला तर ती गोल जखमेपेक्षा लवकर मिटते. वर जखमेची पेस्ट लावायची ती मुख्यतः ही हिरवी कड सुकू नये म्हणून, तेव्हा कडेवर नीट आणि मधे पातळ.

मेपलची जाड फांदी वसंताच्या तोंडावर कापू नका. मुळांचा दाब वाढलेला असतो आणि जखमेतून रस कित्येक दिवस ठिबकत राहतो, पेस्टही बसत नाही. पहिली पानं पक्की झाल्यावर किंवा पानगळीच्या सुमारास तेच काम शांतपणे होतं. बोगनवेलीत कापाच्या खाली फांदी सुकत जाते, म्हणून तिथे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खुंट ठेवून पुढच्या वर्षी साफ करा. जुनिपरचा खुंट तर ठेवाच: साल काढून त्याचं पांढरं सुकं लाकूड करता येतं.

आणि एक काप असा आहे ज्याला माफी नाही. पाइन किंवा जुनिपरच्या फांदीवरची सगळी हिरवी पानं काढली तर ती फांदी बहुतेक वेळा मरते. त्यांच्यात कापाच्या मागे, उरलेल्या फांदीवर जिवंत हिरवं असलंच पाहिजे. फायकसमध्ये जातीनुसार फरक आहे: मायक्रोकार्पा उघड्या खोडावरही कोंब काढतं, बेंजामिनाची पानं नसलेली फांदी मात्र अनेकदा वाळून जाते. तिच्यावर निदान दोन-तीन पानं राखा.

हत्यारं प्रत्येक झाडानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रोग एका झाडाकडून दुसऱ्याकडे कात्रीच्या पात्यावरूनही जातो.

नव्या वाढीची छाटणी

शेंड्यातला वरचा डोळा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते फांदीतून खाली उतरतं आणि खालच्या बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा खुडला की हा दाब उठतो आणि मागचे डोळे जागे होतात. बोन्सायमधली दाट, बारीक फांद्यांची रचना सगळी यावर उभी आहे. बहुतेक झाडांत वरचा भाग आपोआप जोर धरतो आणि खालच्या फांद्या मागे पडतात, म्हणून वर कडक आणि खाली सैल हात ठेवायचा. वरच्या एक तृतीयांश भागात नवी काडी एका पानावर किंवा एका जोडीवर आणा, मधे दोनवर, सगळ्यात खालच्या अशक्त फांद्या यंदा तशाच वाढू द्या. अझेलिया याला अपवाद आहे. तिचा जोर बुंध्याकडे असतो, तेव्हा तिथे उलटं: खाली कडक, वर सैल.

इथे झाडाचं वय आणि तुमचा हेतू फार महत्त्वाचा आहे. खोड जाड करायचं असेल तर खुडत बसणं म्हणजे स्वतःच्याच कामाला अडवणं. खोडाची जाडी येते ती मोकळ्या वाढलेल्या फांदीने. घडत असलेल्या झाडात एक-दोन फांद्या हंगामभर बेफाम वाढू द्याव्यात आणि जाडी आली की बुडापासून काढाव्यात. चीनमधल्या ग्वांगदोंगच्या लिंगनान परंपरेत जवळजवळ सगळा आकार असाच, वाढू देऊन मग आखूड कापून, घडवला जातो.

पेराची लांबी हा आणखी एक मुद्दा. दोन पानांमधलं पेर एकदा लांब झालं की ते पुढे कधीच आखूड होत नाही. दहा वर्षांनीही ती काडी तेवढीच सरळ आणि उघडी दिसते. त्यामुळे ज्या झाडाची रचना पूर्ण होत आली आहे त्याला वसंताच्या पहिल्या आठवड्यांत नत्राचा जोर देऊ नका.

एल्म आणि झेलकोवा सोपे: काडी पाच-सहा पानांची होऊ द्या, मग दोनवर कापा. पानं एकाआड एक असल्याने शेवटचं पान ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे पुढची काडी जाणार, म्हणून बाहेर बघणाऱ्या पानावर काप घ्या. पानाच्या अगदी लगत कापू नका, काडी जरा मागे सुकते, दोन-तीन मिलिमीटर सोडा. हॉर्नबीमही असाच.

जपानी मेपलमध्ये मात्र वेळ दिवसांत मोजावी लागते. डोळा उघडला की आधी पानांची एक जोडी बाहेर येते, घडी घातलेली, ओलसर, लालसर. त्या दोन पानांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा टोकदार कोंब असतो, पुढची सगळी काडी त्यात दडलेली. पानं पूर्ण पसरण्याआधी, बारीक टोकाच्या चिमट्याने दोन्ही पानं जराशी फाकवून तो कोंब धरायचा आणि अलगद उपटायचा. एक-दोन दिवस उशीर केला की पहिलं पेर लांबलेलं असतं आणि कात्री लावली तरी ते तसंच राहतं. सगळे डोळे एका दिवशी उघडत नाहीत. वरचे आणि बाहेरचे आधी, आतले नंतर, त्यामुळे दहा-बारा दिवस रोज सकाळी झाडाभोवती एक फेरी होते. खर्चाच्या मध्यावर केलेलं हे काम झाडाचा जोर काढून घेतं, आणि तयार मेपलमध्ये तेच हवं असतं: काड्या बारीक राहतात, पेरं आखूड. वाढीला लागलेल्या, नुकती कुंडी बदललेल्या किंवा मरगळलेल्या मेपलवर हे अजिबात करायचं नाही.

पान पक्कं झाल्यावर मेपलच्या जोडीपैकी फांदीच्या आत वळणारं एक पान काढलं तर आतल्या डहाळ्यांना उजेड मिळतो. सगळी पानं एकदम काढणं हे उन्हाळ्याच्या सुरुवातीचं काम आहे, वसंतात त्याचा विचारही नको.

पाइन आणि जुनिपर

पाइनच्या टोकाला वसंतात मेणबत्तीसारखे उभे कोंब येतात. काळी पाइन आणि पांढरी पाइन यांना एकच वागणूक दिल्याने अनेक झाडं बिघडतात. काळी पाइन एका हंगामात दोनदा फुटू शकते. तिचे कोंब वसंतात वाढू द्यायचे, भरपूर खत द्यायचं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, थंडी पडायला सुमारे शंभर दिवस असताना, ते बुडापासून कापायचे. मग येणारी दुसरी फूट आखूड सुयांची असते. हेही फक्त जोमदार झाडावर आणि कुंडी न बदललेल्या वर्षी. पांढरी पाइन एकदाच फुटते. तिचे कोंब बुडापासून कापले तर पुढे काहीच येत नाही. कोंब लांबले पण सुया अजून सुटल्या नाहीत अशा वेळी जोमदार कोंबाचा एक तृतीयांश भाग ठेवून बाकीचा, मध्यमाचा निम्मा बोटांनी पिळून तोडा, अशक्त कोंबाला हात लावू नका. कात्रीने कापलं तर उरलेल्या सुयांची टोकं छाटली जाऊन तपकिरी होतात.

जुनिपरची टोकं बोटांनी खुडत राहण्याची पद्धत अजून शिकवली जाते. ती सोडून द्यावी. जुनिपरची ताकद त्या वाढत्या टोकांतच असते. सगळी टोकं पुन्हा पुन्हा खुडली की झाड आधी फिकट पडतं, मग मऊ खवल्यांऐवजी टोचणारी कोवळी पानं काढायला लागतं आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन वर्षं घेतं. बाह्याकृतीच्या बाहेर गेलेली लांब काडी शोधा, हिरव्या गर्दीत आत कात्री नेऊन ती जिथे बाजूच्या काडीला मिळते तिथे कापा. वरून बघता काप दिसायला नको. फांद्यांच्या बेचक्यांत उगवलेला बारीक पाला आणि पानांच्या गादीखाली लोंबणारा भाग चिमट्याने साफ करा, उजेड आत गेला पाहिजे.

फायकसची काडी सहा-आठ पानांची झाली की दोन-तीनवर आणा. पांढरा चीक पाण्याच्या फवाऱ्याने थांबतो. त्वचेला खाज येऊ शकते, हात धुवा. जेड कापल्यावर पेस्ट लावायची गरज नाही, फक्त दोन-तीन दिवस पाणी देऊ नका, ओल्या कापातून कूज शिरते.

तार, पाणी, खत, कीड

शरदात घातलेली तार वसंतात बघता बघता रुतते. पानझडी झाडांवर दर आठवड्याला नजर टाका, तारेच्या कडेला साल फुगलेली दिसली की त्याच दिवशी काढा. उलगडत बसू नका, प्रत्येक वेढ्यावर तार-कटरने तुकडे करा. उलगडताना फांदी मोडते आणि डोळे खरवडले जातात. फुगलेल्या डोळ्यांवर नवी तारही घालू नका.

पालवी येण्याआधी झाड फार कमी पाणी पितं, तेव्हा रोजच्या सवयीने पाणी घालणं मुळं कुजवतं. कुंडीत दोन सेंटिमीटर खोल लाकडी काडी खोचून ठेवा, बाहेर काढल्यावर ओली लागली तर थांबा. पानं पसरली की हिशोब आठवड्याभरात बदलतो, वाऱ्याच्या दिवशी दोनदाही लागू शकतं. द्यायचं तेव्हा खालून वाहीपर्यंत, पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा.

खत: घडत असलेल्या झाडाला डोळे उघडल्याबरोबर, तयार झाडाला पहिली पालवी पक्की झाल्यावर, म्हणजे साधारण चार ते सहा आठवड्यांनी.

मावा कोवळ्या शेंड्यांच्या खालच्या बाजूला जमतो, पानं मुरडलेली दिसतात. थोडा असेल तर पाण्याच्या धारेने पाडा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना, आठवड्याने पुन्हा. जुनिपर राखाडी आणि निस्तेज वाटलं तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. हलणारे ठिपके दिसले तर ती कोळी कीड (माइट) आहे. भुरी दिसली तर पानं ओली ठेवू नका आणि हवा खेळती करा. झाड आठवड्याला पाव फेरी फिरवत राहिलात तर चारही बाजू सारख्या फुटतात.

कुंडी बदललेलं एखादं झाड बाकीचे फुटल्यावरही तसंच राहिलं, तर त्याला जास्त पाणी देऊ नका, खत तर नाहीच. सालीला नख लावून बघा. हिरवं असेल तर सावलीत, आडोशाला ठेवा, दिवसातून दोन-तीनदा खोडावर आणि फांद्यांवर बारीक फवारा मारा आणि मिश्रण जेमतेम ओलसर राहील एवढंच पाणी द्या. पारदर्शक पिशवी सैलसर घालून आतली हवा दमट ठेवली तर आणखी बरं, रोज थोडा वेळ ती उघडायची. मुळं आली का ते बघायला झाड उपटू नका. निरोगी झाडही कधी कधी सहा-सात आठवडे घेतं.